वाढत्या अंगाचा बांबू

आमच्याकडे मूल वाढते ते कपड्यांच्या आत. म्हणजे कपडे आधीच वाढलेले असतात आणि मूल सवडीने त्यांना गाठते. शिंप्यापुढे पोराला उभे केले की शिंपी टेप लावतो, आकडा पुकारतो आणि बाप तो आकडा ऐकून न ऐकल्यासारखे करत म्हणतो, "वाढत्या अंगाचा शिवा." झाले! मग बाह्या तीनदा दुमडायच्या, चड्डीला आतून चार बोटे घडी ठेवायची आणि बूट दोन नंबर मोठे घेऊन पुढे कापूस कोंबायचा. कापसाला भाव मिळो न मिळो, बुटात कोंबायला आमच्या यवतमाळ जिल्ह्यात कापूस कधी कमी पडलेला नाही. गंमत अशी, की तो शर्ट पोराच्या अंगाला नीट बसू लागायचा आणि कोपरावर विरायचा मुहूर्त बहुधा एकच असे. दोन वर्षांच्या संसारात शर्टाचे आणि पोराचे माप जुळले असे दिवस फार तर पंधरा.

ह्याबद्दल माझी काही तक्रार नाही. ढगळ शर्टामुळे कोणी दगावल्याचे ऐकिवात नाही. सायकलही वाढत्या अंगाची चालते. मधल्या दांडीखालून पाय घालून कैची मारत निम्मा जिल्हा सायकल शिकला. नाव तर सगळ्यांचेच वाढत्या अंगाचे असते, आणि पराक्रमसिंह नावाचे गृहस्थ झुरळाला घाबरले तरी कोणी नाव बदलून आणत नाही. पण जगात काही वस्तू अशा आहेत, की त्या आजच्या मापाच्याच लागतात. चष्मा उद्याच्या नंबरचा चालत नाही. औषधाची मात्रा 'पुढे मोठा होईल' म्हणून आजच दुप्पट देता येत नाही. ह्या यादीत अलीकडे माझ्या माहितीत आणखी एका वस्तूची भर पडली. ती म्हणजे बांबू उडीचा बांबू.

बांबू म्हणायचे ते आता सवयीने. शाळेच्या क्रीडास्पर्धांच्या कागदावर अजून 'बांबू उडी' असेच लिहितात. मैदानावर असतो तो फायबरग्लासचा पोकळ पोल. पण मी ज्या काळात हायस्कुलात होतो, त्या १९६० नंतरच्या दशकात आमच्या तालुक्याच्या गावी बांबू उडीला खरोखरीच बांबू असे. तो निवडण्याचा समारंभ मी डोळ्यांनी पाहिलेला आहे. आमचे पी.टी.चे मास्तर दोन पोरे बरोबर घेऊन बुरडाकडे जात. एकदा मास्तरांनी लांब, सरळ, बिनगाठीचा बांबू मागितला तेव्हा म्हातारा बुरड हातातले सूप खाली ठेवून हळू आवाजात म्हणाला, "कोन गेलं, मास्तर?"

"कोणी गेलं नाही. उडी मारायची आहे."

म्हाताऱ्याने मास्तरांकडे, मग आमच्याकडे पाहिले. "एकच पाह्यजे? मंग ठीक हाय. तिरडीले दोन लागते."

पण निवड करावी तर त्या म्हाताऱ्याने! बांबू बोटाच्या पेराने ठोकून तो आवाज ऐकायचा. डोळ्याजवळ धरून बंदुकीसारखा नेम धरायचा आणि वाक पाहायचा. वर्षाचा कोवळा बांबू दिसायला हिरवागार, पण अंगात दम नाही. तीनेक वर्षांचा झाला म्हणजे पक्का. पावसाळ्यात तोडलेल्याला भुंगा लवकर लागतो, म्हणून हिवाळ्यातला पाहायचा. मानवेल भरीव आणि चिवट, लाठीला उत्तम, पण घेऊन पळायला जड. कटांग जाडजूड, आतून पोकळ आणि काटेरी. हे सगळे तो असे सांगे, की जणू घरात जावई करून घ्यायचा आहे. वनस्पतिशास्त्र बांबूला गवत म्हणते. १९२७ च्या भारतीय वन कायद्याच्या लेखी मात्र ते झाड होते आणि २०१७ साली कायद्यात दुरुस्ती झाली तेव्हा कुठे जंगलाबाहेरचा बांबू झाडांतून सुटला. म्हणजे आमच्या वेळची पोरे कायद्याने अख्खे झाड हातात घेऊन पळत होती. आणि पडत होती ती रेतीत. पांढऱ्या सोन्याचा जिल्हा. पण पडायला रेती.

आता सांगायचा मुद्दा असा, की मास्तर एवढी पारख करून बांबू निवडत ते कोणासाठी? कोणासाठीच नाही. शाळेसाठी! बांबू एक आणि पोरे चाळीस. मग बांबूसाठी पोरगा निवडला जाई. एकेकाने यायचे, बांबू घेऊन पळायचे आणि टेकवायचा. कोणाच्या हाताला तो जड होई, कोणाच्या मुठीत मावत नसे, कोणी बांबूसकट आडवा. शेवटी एखादा असा निघे, की त्याची उंची, त्याची मूठ आणि त्याचे धावणे त्या बांबूला मानवे. मास्तर खूश होऊन म्हणत, "ह्याच्यात गुण आहे!" उरलेल्या एकोणचाळीस जणांत गुण नाही हे त्याच क्षणी ठरे आणि ते लंगडी खेळायला मोकळे होत. मी आडवी काठी दोन बेचक्यांनी वर चढवून ठेवण्याच्या खात्यात होतो. त्यामुळे हा निवाडा मला जवळून पाहता आला. तेव्हा त्यात काही वावगे वाटले नाही. आता वाटते. वेगळा बांबू आणला असता तर गुणही वेगळ्याच पोरात निघाला असता, ही गोष्ट त्या चाळीस जणांना कोणी सांगितली नाही. त्यांतले बरेच जण 'आपल्याला उडी येत नाही' हा समज घेऊन आजोबा झाले.

बांबूला मी नावे ठेवतो असे मात्र समजू नका. कॉर्नेलियस वॉर्मरडॅम नावाचा अमेरिकन गृहस्थ, जो पेशाने शाळामास्तर होता, तो १९४२ साली बांबूवरूनच ४.७७ मीटर उडाला. त्याआधी १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकमध्ये शुहेई निशिदा आणि सुएओ ओए हे दोन जपानी दोस्त ४.२५ मीटरवर बरोबरीत आले. आपसांत आणखी उड्या मारून दुसरा-तिसरा ठरवा म्हटले तर त्यांनी नकार दिला. कागदावर निशिदा दुसरा आणि ओए तिसरा लागला. मायदेशी परतल्यावर त्यांनी दोन्ही पदके मधोमध कापली आणि रुपे नि कांस्य जोडून दोन जोडपदके करून घेतली. आमच्याकडे भावाभावांत बांध कोरतात, तिकडे पदके कोरली!

त्याच बर्लिनला आमच्या शेजारच्या अमरावतीहून हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचे पथक देशी खेळांची प्रात्यक्षिके दाखवायला गेले होते. म्हणजे एकाच गावात एकीकडे आपला मल्लखांब आणि दुसरीकडे जपान्यांचा बांबू. मला ह्या दोन लाकडांतला फरक फार विचार करण्यासारखा वाटतो. मल्लखांब जमिनीत पुरलेला. तो वाकत नाही. जो येईल त्याने त्याच्यापुढे वाकायचे, वळायचे, त्याला विळखा घालायचा. मोठी विद्या आहे ती, मी तिला हात जोडतो. पण बांबू उडीचे शास्त्र उलटे. तिथे माणूस धावत येतो आणि वाकायचे असते ते पोलाने. आता आपली शाळा, आपली परीक्षा, दहावीनंतरचे ते सायन्स - हे सगळे मल्लखांब समजून चालते की पोल समजून? ह्या प्रश्नाचे उत्तर मी देत नाही. पोरांच्या पाठीकडे पाहिले तरी ते मिळण्यासारखे आहे.

फायबरग्लास आला आणि पोलावर छापील आकडा आला. ही मोठी क्रांती. बुरडाच्या बांबूवर काही लिहिलेले नसे. ह्या पोलावर दोन गोष्टी लिहिलेल्या असतात. एक लांबी आणि दुसरे वजन. आता हे वजन पोलाचे नव्हे, माणसाचे! '११ फूट, ११५ पौंड' ह्याचा अर्थ हा पोल ११५ पौंडांपर्यंतच्या, म्हणजे साधारण ५२ किलोच्या माणसासाठी. कारखान्यात पोल दोन टेकूंवर आडवा ठेवतात, मधोमध ५० पौंडांचे वजन टांगतात आणि तो किती सेंटिमीटर झुकला ते मोजतात. कमी झुकला तो कडक, जास्त झुकला तो मऊ. एका पोलाच्या पुढचा पोल बहुतेक ५ पौंडांनी कडक. जिन्याच्या पायऱ्या असतात ना, तसे.

आणि हा पोल पदरचे काही देत नाही, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे. लोकांना वाटते, पोल माणसाला उडवतो. छे! माणूस धावतो, ती धाव पोलात जमा होते, पोल वाकतो आणि सरळ होताना जमा रक्कम परत करतो. सेकंदाला ७ मीटर धावणारा पोरगा ह्या हिशेबाने सुमारे अडीच मीटर वर जातो. त्याचा गुरुत्वमध्य कमरेपाशी मीटरभर उंचीवर आधीच असतो. म्हणजे झाले साडेतीन. आणि ह्या हिशेबात वजन कटून जाते बरे का! जाड्याला आणि बारक्याला एकच भाव. वजनाचा प्रश्न येतो तो फक्त पोल निवडताना. थोडक्यात, पोल म्हणजे घेतलेले जवळपास सगळे परत करणारा सावकार. यवतमाळ जिल्ह्यात असा सावकार दाखवा आणि हजार रुपये घेऊन जा.

एवढे ज्ञान मला आपोआप झालेले नाही. आमच्या शेजारी भाऊ राहतात. पाच एकर शेती. तीन एकर काळीची आणि दोन बरड. त्यांचा पोरगा नववीत. ह्या पोराने जिल्ह्याच्या स्पर्धेत शाळेच्या कुठल्याशा जुन्या पोलावर, ज्याच्यावरचा आकडा केव्हाच पुसून गेला होता, अशी उडी मारली, की विभागीय स्पर्धेला अमरावतीला जायचे ठरले. मास्तरांनी सांगितले, ह्याला स्वतःचा पोल हवा. नवा पोल म्हणजे बैल घेण्यासारखा व्यवहार. भाऊ संध्याकाळी माझ्या ओसरीवर आले. मी मराठीचा निवृत्त मास्तर. पण आमच्या गल्लीत चष्मा असलेला आणि दुपारी मोकळा असलेला मनुष्य सर्वज्ञ समजला जातो.

"सर, पोट्ट्याले पोल घ्या लागते म्हन्ते. मी म्हन्तो, घेऊन टाकू. पन घ्याचा तं एकशे पंचेचाळीसचा घेऊ."

"त्याचं वजन किती भाऊ?"

"असन पन्नास-बावन किलो. पन वाढतं अंग हाय ना! बारावीलोक पुरला पाह्यजे."

१४५ पौंड म्हणजे जवळजवळ ६६ किलो. मी पोराकडे पाहिले. तो दाराच्या चौकटीला टेकून उभा होता आणि पायाच्या अंगठ्याने शेणाने सारवलेली जमीन उकरत होता. त्याच्या अंगातला शर्ट मात्र नक्की ६६ किलोचा होता.

मी वाचून-विचारून माहिती काढली ती इथे थोडक्यात सांगतो, कारण सगळे तत्त्वज्ञान तिच्यातच आहे. पोल मऊ असला, म्हणजे माणूस जड आणि पोल हलका, तर तो चटकन वाकतो. पहिल्यांदा फार बरे वाटते. आपण मोठे ताकदवान, असा भास होतो. खुशामती दोस्तासारखा तो आपण म्हणू तसा वाकतो, आणि ऐन वेळी एक तर वर फेकायचे विसरतो किंवा सरळ मोडतो. उलट पोल फार कडक असला तर तो वाकतच नाही. पोरगा जीव खाऊन धावतो, टेकवतो, अधांतरी लोंबतो. पोल उभा होण्याआधीच थबकतो आणि पोराला जिथून आला तिकडे परत टाकून देतो. पुढे गादी असते. मागे असते धावपट्टी. शिवाय 'लांब पोल घेऊ आणि सध्या खालून धरू' ही काटकसरही उपयोगाची नाही. अर्धा फूट खाली धरला की पोल साधारण १० पौंडांनी कडक झाला असे समजतात. चड्डी दुमडता येते. पोल दुमडता येत नाही.

आता गंमत पाहा. अमेरिकेतल्या हायस्कुलांसाठी कडक नियम आहे, की मुलाचे वजन पोलावरच्या आकड्याहून जास्त असता कामा नये. हलका पोल वापरून तो मोडू नये, पोराला इजा होऊ नये, म्हणून. फार शहाणा नियम आहे. पण तो एकाच बाजूचा आहे. जड पोराच्या हाती हलका पोल दिला तर पंच अडवतो. हलक्या पोराच्या हाती भारी पोल दिला तर त्याला अडवणारा आकडा नियमात नाही. आंतरराष्ट्रीय नियमपुस्तक तर आणखी उदार: पोल कशाचाही असो, कितीही लांब, कितीही जाड, पृष्ठभाग गुळगुळीत असला म्हणजे झाले! म्हणजे पोराच्या वजनापासून पोलाला वाचवायची सोय झाली. पोलाच्या वजनापासून पोराला वाचवायचे कोणी? आणि मला वाटते ही गोष्ट पोलापुरती नाही. कमी अपेक्षा ठेवली तर जग लगेच बोट दाखवते, 'पोराकडे लक्ष नाही' म्हणते. भारी अपेक्षा ठेवली तर त्याच जगाला ती माया वाटते. भाऊंना १४५ चा पोल घ्यायचा होता तो काही वैरापोटी नव्हे. चार वर्षांचा पैसा वाचावा आणि पोरगा मोठा व्हावा, ह्या दोन सज्जन इच्छा एकत्र होऊन त्या पोराला धावपट्टीवर आपटायला निघाल्या होत्या.

पण हे भाऊंना सांगायचे कसे? गुरुत्वमध्य वगैरे काढला असता तर ते "बराय सर" म्हणून उठले असते आणि १४५ चाच घेऊन आले असते. मी म्हटले, "भाऊ, तुमच्या त्या बरड दोन एकरांत कपाशीचं कोणतं वाण लावता?"

"लवकर येनारं. बरडात पानी कुठं टिकते?"

"काळीतलं उशिरा येणारं, भारी बोंडाचं का नाही लावत? उत्पन्न जास्त नाही का?"

"सर, तुमी बी! भारी वान भारी जमिनीत. बरडात लावलं तं पातं धरते, बोंड धरते आन् ऐन टायमाले वाळते. जमीन पाहून वान घ्या लागते. वान पाहून जमीन होत नाई."

एवढे बोलून भाऊ थांबले. ओसरीवरचा दिवा पाहत राहिले. मी काही बोललो नाही; चाळीस वर्षे मास्तरकी केल्यावर पोरगा गणिताच्या शेवटच्या पायरीवर आला की फळ्यापासून दूर व्हावे एवढे कळते.

"म्हंजे औंदा एक, पुढल्या साली दुसरा?" भाऊ म्हणाले. "हे तं बीटीच्या बियान्यावानी झालं. दरसाल नवं पाकीट!"

"दरसाल पोरगाही नवाच असतो ना भाऊ."

आता प्रश्न उरला वजनाचा. आणि इथे मला आमच्या जिल्ह्याची खरी ओळख पटली. मी म्हटले, कोपऱ्यावरच्या दुकानात मोजून घ्या. भाऊ म्हणाले, "नाई. दुकानातला काटा नाई." मी म्हटले, मग कापसाच्या व्यापाऱ्याकडे मोठा काटा आहे. त्यावर भाऊंनी माझ्याकडे अशा नजरेने पाहिले, की चष्म्याच्या आत मला थोडे ओशाळल्यासारखे झाले. जन्मभर गाडीभर कापूस काट्यावर घातलेला मनुष्य तो! आपल्याकडे 'काटा मारणे' हा शब्द उगाच नाही जन्माला आला. घरचे वजन वेगळे आणि काट्यावरचे वेगळे, ह्या दोन आकड्यांच्या मधल्या फटीत कित्येक कुटुंबांच्या दिवाळ्या गेल्या आहेत. भाऊ म्हणाले, "व्यापाऱ्याचा काटा कमी दाखवते, अन् पोट्ट्याचा मामा जास्त सांगते. आपन सरकारी दवाखान्यात जाऊ. डाक्टरले आपल्याकून काई इकत घ्याचं नसते."

ह्या वाक्यात मला जे नीतिशास्त्र सापडले ते मोठमोठ्या ग्रंथांत सापडले नव्हते. माणसाचे खरे वजन कोणी करावे? ज्याला त्याच्याकडून काही घ्यायचे नाही आणि ज्याला त्याचा अभिमानही मिरवायचा नाही त्याने. आपण पोरांची वजने करतो ती बहुतेक एक तर व्यापाऱ्याच्या काट्यावर, नाही तर मामाच्या. सरकारी दवाखान्यातल्या काट्यावर चपला काढून उभे करण्याचे धैर्य थोड्यांना होते. पोरगा उभा राहिला. साडेएक्कावन्न किलो. म्हणजे ११४ पौंडांच्या आतबाहेर. भाऊंनी आकडा दोनदा वाचला. त्यांना थोडे वाईट वाटलेले दिसले. पोराला मात्र, मी त्याच्याकडेच पाहत होतो म्हणून सांगतो, एकदम हलके वाटल्यासारखे झाले. ६६ किलो उतरवून ठेवले होते त्याने.

तर ११५ चा पोल. हा बरोबर आहे कशावरून? तर तो वाकतो. पण पोराने मनापासून धाव घेतली तरच. आळस केला तर तोही परत पाठवतो. म्हणजे थोडी कुरकुर करणारा, पण ऐकणारा. आणि पोरगा ज्या दिवशी त्याला फार सहज वाकवील, त्या दिवशी १२० चा. ज्यांचा ह्या खेळात हात बसला आहे त्यांच्याजवळ पोलांची अख्खी ओळच असते, ती ह्याचसाठी. ओळीतली एक पायरी गेली तर काय होते ते २००८ च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये दिसले. ब्राझिलच्या फाबियाना मुरेरचा त्या उंचीला लागणारा एक पोल ऐन स्पर्धेत हरवला. बाकीचे होते, पण तो नव्हता. तिने शोधाशोध केली, वाद घातला, शेवटी दुसऱ्या पोलाने प्रयत्न केला आणि पदकाविना परतली. तीच बाई २०११ साली देगूला ४.८५ मीटर उडून जगज्जेती झाली. बाई तीच होती. हातात पोल हवा तो होता. त्याआधी १९७२ च्या म्युनिकला बॉब सीग्रेन ह्या जागतिक विक्रमवीराच्या सवयीच्या पोलावर बंदी आली, उठली आणि पुन्हा आली. परक्या पोलावर उडून त्याला ५.४० मीटरवर रौप्य मिळाले, आणि स्पर्धा संपल्यावर त्याने तो पोल महासंघाच्या अधिकाऱ्याच्याच हातात नेऊन ठेवला. त्या अधिकाऱ्याचे वजन किती होते ह्याची नोंद माझ्या वाचनात नाही.

पण ओळ आणायची कुठून? इथे मला आमचे ते उरलेले एकोणचाळीस आठवतात. एका घराला एक पोल जड जातो. एका शाळेला दोन. म्हणून मी एक योजना तयार केली आहे आणि ती ज्याला-त्याला ऐकवत असतो. आमच्या जिल्ह्यात तालुके १६. प्रत्येक तालुक्याने एकेकच पोल घ्यायचा, पण वेगवेगळा. नेरने १०० पौंडांचा, बाभुळगावने १०५ चा, कळंबने ११० चा, असे करत पाच-पाच पौंडांनी चढत दारव्हा, दिग्रस, पुसद, घाटंजी, राळेगाव घेत सोळाव्या तालुक्याला बरोबर १७५ चा येतो. हिशेब करून पाहा, एकही पायरी गळत नाही! पोरगा वाढला की पोल पुढच्या तालुक्यातून आणायचा आणि आपला मागच्या पोराला द्यायचा. जिल्हाभर एकच जिना. आणि पोल नाही म्हणून कोणाच्यात गुण नाही असे ठरायला नको.

योजनेत एकच अडचण आहे, ती वाहतुकीची. वणी जिल्ह्याच्या एका टोकाला, उमरखेड दुसऱ्या. अकरा फुटांची वस्तू एस.टी.त न्यायची म्हणजे कंडक्टर तिकीट कोणाचे फाडायचे ह्यावरच पहिला अर्धा तास घेणार. आणि हे आमच्याकडेच आहे असे नव्हे. २०२६ च्या जानेवारीत राष्ट्रीय विक्रमवीर देव मीना आणि त्याचा जोडीदार कुलदीप यादव स्पर्धेहून परतत असताना त्यांना पोलांसकट पनवेलला गाडीतून उतरावे लागले आणि तासन् तास फलाटावर बसून राहावे लागले. एप्रिल २०२५ मध्ये कोचीला ५.३५ मीटर उडालेला मनुष्य डब्याच्या दोन पायऱ्यांवर अडला!

भाऊंना मात्र योजना पसंत आहे. त्यांची एकच शंका आहे, की जुना देऊन नवा घेताना वरचे पैसे कोणी द्यायचे. शेतकरी मनुष्य, तो हा प्रश्न विचारणारच. सध्या ११५ चा एक वापरलेला पोल निम्म्या किमतीत मिळून त्यांच्या ओसरीत आढ्याला दोन दोरांनी टांगलेला आहे. पोरगा रोज पहाटे तो काढून मैदानावर नेतो, आणि दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी भाऊ त्याला दवाखान्यात काट्यावर उभे करतात. गेल्या सोमवारी बावन्न भरला. १२० चा पोल कोणत्या तालुक्यात आहे, त्याची आम्ही चौकशी सुरू केली आहे.